सवायकी, दिडकी, औटकी... आणि कानात पॉडकास्ट

दुपारचे अडीच. बाहेर सोलापूरचं ऊन, आत पंखा, समोर कॉम्प्युटर आणि त्याच्या शेजारी कडक भाकरी अन् शेंगाचटणीची वाटी. स्पीकरवर पॉडकास्टमधले एक गृहस्थ शेअर बाजाराबद्दल असे बोलत होते, जणू बाहेर रिक्षा मीटर टाकून उभी आहे. एवढ्यात शहराच्या पूर्वभागातला मित्र आत आला आणि दारातच थबकला.

‘काय बे, काय करलालास? आणि ह्याची काय गाडी चुकलालीय का?’

गाडी चुकत नव्हती. मी त्यांना दीडपट वेगाने पळवत होतो. चटणीचं तेल लागलेल्या बोटाने आणखी एकदा उजवा चौकोनी कंस दाबला, गृहस्थ अजून थोडे घाईत आले. मित्र खुर्ची ओढून बसला, म्हणाला, ‘सांग बे नीट.’ तर त्याला सांगितलेलं, आणि त्याने मध्येमध्ये तोडलेलं, हे असं.

सोलापूरकर मुळातच १.६ वर

आधी घरचं. पुस्तकी मराठीत ‘करायला लागलास’. अक्षरं मोजा: आठ. सोलापुरात तेच ‘करलालास’. अक्षरं पाच. आठ भागिले पाच, १.६. म्हणजे कंपन्यांनी वेगाचं बटण दिलं त्याच्या कितीतरी आधी आम्ही क्रियापदांची हवा काढून टाकली होती. ‘आलो होतो’चं ‘आलतो’, ‘गेलो होतो’चं ‘गेलतो’ हा त्याच कारखान्यातला माल. (हे भाषाशास्त्र नव्हे, चटणी खाताना केलेला हिशेब आहे. पण चुकीचा वाटत असेल तर बोटांवर मोजून बघा.)

शब्द कुठून आला

‘पॉडकास्ट’ हा शब्द २००४च्या फेब्रुवारीत ब्रिटिश पत्रकार बेन हॅमर्स्ली यांनी ‘गार्डियन’मधल्या लेखात वापरला. आयपॉडमधला ‘पॉड’, ब्रॉडकास्टमधला ‘कास्ट’. लेखात नाव सुचवायचं म्हणून दोन-तीन शब्द टाकले होते, त्यातला हा चिकटला. पुढच्याच वर्षी, जून २००५मध्ये, ॲपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्टला जागा दिली. तेव्हा ते ऐकायचे ते मुख्यतः कॉम्प्युटरवरच. आयपॉडमध्ये भरायलासुद्धा आधी वायर लावून कॉम्प्युटरसमोर बसावं लागे.

बटणांची नावं आजीला पाठ होती

आता मजा. प्लेअरवर दिसतं: १.२५, १.५, १.७५, २. इंग्रजीत हे नुसते आकडे. मराठीत प्रत्येकाला स्वतंत्र नाव आहे: सव्वा, दीड, पावणेदोन, दोन. नुसती नावं नाहीत, त्यांचे पाढे होते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. जुन्या शाळांत पोरं हे घोकत, न येणाऱ्याच्या तळहातावर छडी बसे.

यातलं शेवटचं नाव बघा. औट म्हणजे साडेतीन. संस्कृतातल्या ‘अर्धचतुर्थ’चा, म्हणजे चौथा अर्धाच असलेल्याचा, प्राकृतातून घासून घासून उरलेला गोटा. आणि स्पॉटिफायवर पॉडकास्टचा वेग जास्तीत जास्त किती करता येतो? ३.५. बरोब्बर औटकी! स्टॉकहोमच्या कंपनीला कल्पनाही नसेल की तिच्या बटणाला पंतोजींनी आधीच नाव ठेवलंय.

याच्यापुढचं तर मी दोनदा तपासलं. ‘औट घटकेचं राज्य’ आपण म्हणतो. एक घटका म्हणजे २४ मिनिटं. औट घटका म्हणजे ८४ मिनिटं. आता ८४ मिनिटांचा पॉडकास्ट औटपट वेगाने लावला तर संपायला किती वेळ लागेल? २४ मिनिटं. नेमकी एक घटका. पाढे पाठ असलेल्या आजीने हे उत्तर कॅल्क्युलेटर उघडायच्या आत दिलं असतं.

खरा फायदा पहिल्या सव्वात

पाढ्यांचा विषय निघालाच आहे तर एक व्यवहार. एका तासाचा कार्यक्रम घ्या. सव्वापटीने ४८ मिनिटांत संपतो: १२ मिनिटं वाचली. सव्वावरून दीडवर गेलात की ४०, म्हणजे अजून ८. दीडवरून पावणेदोनवर साधारण ३४, म्हणजे जेमतेम पावणेसहा मिनिटांची भर. पावणेदोनवरून दोनवर सव्वाचार. आणि तीनवरून औटवर उडी मारली, तर फक्त तीन मिनिटांच्या आतबाहेर काहीतरी हाती लागतं, त्या बदल्यात कान भुगा.

म्हणजे वेग पायरीपायरीने वाढवतो तसा त्रास वाढत जातो आणि कमाई आटत जाते. हुरडा पार्टीसारखं आहे: पहिलं कणीस जे सुख देतं ते सातवं देत नाही, पोट मात्र तेवढंच भरतं. माझं मत विचाराल तर सव्वा ते दीड ही शहाण्या माणसाची हद्द. पुढे जाणारे बहुतेक आकड्याच्या हौसेने जातात.

सा, ग, प आणि वरचा सा

टेपरेकॉर्डरच्या काळात कॅसेट जोरात फिरवली की बाप्याचा आवाज उंदराचा व्हायचा. अमेरिकेत १९५८ साली रॉस बॅग्डासेरियन यांनी हीच गंमत विकली: गाणं हळू वेगात गाऊन ध्वनिमुद्रित करायचं आणि दुप्पट वेगाने वाजवायचं. त्यातून ‘ॲल्विन आणि चिपमंक्स’ ही चिवचिवणारी खारुताई-मंडळी जन्माला आली.

पण आवाज किती चढतो? इथे गाण्याच्या क्लासला गेलेल्यांनी सावरून बसावं. वेग दुप्पट केला की प्रत्येक स्वर बरोब्बर एक सप्तक वर जातो; मध्य षड्जाचा तार षड्ज. दीडपट केला तर? सा आणि प यांच्या कंपनसंख्यांचं गुणोत्तर २:३. म्हणजे दीडपटीने सा पंचमावर जाऊन बसतो. सव्वापटीने? ४:५, शुद्ध गंधार. प्लेअरवरची सव्वा, दीड, दोन ही तीन बटणं म्हणजे ग, प आणि तार सा. बिचारा पावणेदोन तेवढा कुठेच नीट बसत नाही; कोमल निषादाच्या किंचित खाली, बेसूर पाहुण्यासारखा लटकतो.

खोटं वाटत असेल तर कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर उघडा, तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग घाला. त्यात दोन वेगळ्या आज्ञा आहेत. एकीने वेगाबरोबर स्वरही चढतो, दुसरीने फक्त लय वाढते, स्वर जागचा हलत नाही. पहिली वापरून वेग दीडपट करा आणि मूळ तानपुऱ्याबरोबर एकत्र वाजवा. सा-प जुळतं.

तबलावाल्यांना तर हे जन्मजात. बरोबरीची लय, मग दुगुन, तिगुन, चौगुन. मधल्या अपूर्णांकांनाही नावं: दीडपट ती आड, पावणेदोनपट ती बिआड. सव्वापटीला पुष्कळ जण कुआड म्हणतात. त्यावरून मात्र तबलावाल्यांत वाद लावून द्यायचा नसतो, चहा थंड होतो.

मग आता आवाज उंदरासारखा का होत नाही?

कारण कॉम्प्युटर आता टेप पळवत नाही, टेप कापतो. आपण ‘आ’ म्हणतो तेव्हा स्वरतंतू पुरुषांत सेकंदाला शंभराच्या वर आणि बायकांत दोनशेच्या आसपास वेळा उघडमिट करतात. यातली प्रत्येक लाट शेजारच्या लाटेसारखीच दिसते. मग त्यातल्या काही लाटा सरळ उचलून फेकायच्या, उरलेल्यांची टोकं एकमेकांवर चढवून बेमालूम जोडायची. लांबी कमी, स्वर तोच. शिंपी शर्ट आखूड करतो तसं. पट्ट्यांच्या कापडाचा रंग बदलत नाही, पट्ट्या कमी होतात.

ही कल्पना कॉम्प्युटरची नव्हे, जुन्या टेपांची. १९५३ साली अमेरिकेत गार्वी नावाच्या संशोधकाने चुंबकीय टेपचे बारीक तुकडे हाताने कापून, मधले टाकून, उरलेले चिकटवले आणि लोकांना ऐकवले. शब्द कळतात, असं निघालं. त्याच सुमारास इलिनॉय विद्यापीठात ग्रँट फेअरबँक्स आणि सहकाऱ्यांनी फिरती हेडं असलेलं यंत्र बनवून हे काम हाताकडून काढून घेतलं.

मराठीला यात एक खास धोका आहे. ‘ट’ आणि ‘ठ’ यांच्यातला फरक म्हणजे श्वासाचा एक छोटासा झोत, सेकंदाचा बारीकसा तुकडा. दुप्पट वेगात तो झोत अर्धा होतो. अडीचपटीला ‘पाठ’ आणि ‘पाट’ जुळी भावंडं वाटू लागतात. स्वर टिकतात, व्यंजनं मरतात. म्हणून भरधाव पॉडकास्टमध्ये गोष्टीचा ओघ कळतो, पण गावांची आणि माणसांची नावं निसटतात.

इथे मित्राने तोडलं. ‘मला तेलुगू दुप्पट चालतंय. मराठी सव्वाच्या वर गेलं की डोकं दुखतंय.’ त्याच्या घरात तेलुगू, दुकानात मराठी, अक्कलकोट रोडला लागला की कन्नड. बरोबर आहे. आईच्या भाषेत कान पुढचा शब्द आधीच ओळखून ठेवतो, दुसऱ्या भाषेत त्याला प्रत्येक शब्दाची वाट बघावी लागते.

२३१ पोरं आणि रोमन साम्राज्य

लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २३१ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला, २०२१ साली प्रसिद्ध झाला. दोन व्याख्यानं दाखवली: एक रोमन साम्राज्यावर, दुसरं स्थावर मालमत्तेची किंमत कशी ठरवतात यावर (दुसरं बघावं लागलेल्यांविषयी सहानुभूती). कोणाला साध्या वेगाने, कोणाला दीड, दोन, अडीचपट. दुपटीपर्यंत परीक्षेतल्या गुणांत फारसा फरक नाही. अडीचला मात्र घसरगुंडी. आणि दुपटीने लागोपाठ दोनदा बघून विशेष काही साधलं नाही. आधी एकदा, आणि दुसऱ्यांदा थेट परीक्षेच्या तोंडावर बघितलं तेव्हा फायदा झाला. आमच्या वेळी हेच ज्ञान परीक्षा हॉलबाहेर गाईड चाळणाऱ्यांना कुठल्याही विद्यापीठाशिवाय होतं.

या शर्यतीतले खरे चॅम्पियन

भरधाव ऐकणं हा डोळस लोकांचा शोध नाही. दृष्टिहीन वाचक कितीतरी वर्षं हे करत आलेत. एनव्हीडीए हा स्क्रीन वाचून दाखवणारा मोफत प्रोग्रॅम २००६ साली मायकेल करन या दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणाने लिहायला घेतला. त्याच्याबरोबर आलेल्या ईस्पीक या आवाजाला मराठीही येतं. सरावलेला माणूस तो ज्या वेगाने लावतो, तो शेजारी बसलेल्याला नुसती खरखर वाटते. आवाज यांत्रिक, चढउतार नाही, भावना नाही. पण प्रत्येक वेळी अगदी सारखा, त्यामुळे कान त्याला पक्का ओळखतो. पॉडकास्टवाल्यांनी दीडपटीची फुशारकी त्यांच्यासमोर मारू नये.

वंदे भारतमध्ये पावणेदहा तास

सोलापूर-मुंबई वंदे भारत १० फेब्रुवारी २०२३ला सुरू झाली. ४५५ किलोमीटर, साधारण साडेसहा तास. मांडीवर लॅपटॉप, दीडपट वेग: मुंबई येईपर्यंत पावणेदहा तासांचे कार्यक्रम संपतात. सिद्धेश्वर एक्स्प्रेसवाल्यांनी हा हिशेब करू नये, रात्रीची गाडी आहे, झोपावं.

चादरीचा चुलतभाऊ

ऐकायचं कॉम्प्युटरवर, तर कॉम्प्युटरचीही कुळकथा. सोलापूरच्या चादरीवर फुलं, वेलबुट्टी, मोर जे उमटतात ते जकार्डवर. जोसेफ मारी जकार याने १८०४ साली फ्रान्समध्ये छिद्रं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांनी माग चालवला. छिद्र असेल तिथे ताण्याचा धागा वर उचलला जातो, नसेल तिथे खालीच राहतो. आहे किंवा नाही, एक किंवा शून्य. चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी हेच पत्ते योजले, १८९०च्या अमेरिकी जनगणनेत हर्मन हॉलरिथने छिद्रांच्याच पत्त्यांवर माणसं मोजली. म्हणजे माझ्या टेबलावरचा डबा आणि अंगावरची चादर नात्यात आहेत. मित्राच्या घरी यंत्रमाग होते. हे ऐकल्यावर तो अर्धं मिनिट गप्प बसला. त्याच्यासाठी अर्धं मिनिट म्हणजे पुष्कळ.

हात कामात, कान मोकळे

पॉडकास्टचा आदर्श श्रोता कोण? ज्याचे हात गुंतलेत आणि कान रिकामे आहेत. क्युबातल्या सिगार कारखान्यांत १८६५पासून कामगार स्वतःच्या खिशातून पैसे काढून एक वाचक ठेवत; तो उंच जागी बसून वर्तमानपत्र आणि कादंबऱ्या मोठ्याने वाचायचा. ‘काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’ इतकी गाजली की एका सिगारचं नावच मॉन्टेक्रिस्टो पडलं.

सोलापुरातही तंबाखू वळणारे हात हजारोंनी आहेत, विडी कामगार बायकांचे. हजार विड्यांवर मजुरी, मांडीवर सूप, कात्रीने कापलेलं पान, आणि शेजारी बारीक आवाजात चालू असलेला मोबाइल. तिथे वेगाचं बटण कोणी दाबत नाही. का दाबावं? विड्या हजार व्हायच्यात तोवर गोष्ट पुरली पाहिजे. वेळ वाचवण्याची घाई ज्याचा वेळ मोकळा असतो त्यालाच फार, हे माझं निरीक्षण.

उलट्या दिशेने

आणि एकेकाळी देशात मुद्दाम संथ कार्यक्रम होते. आकाशवाणीवरून ‘धीमी गति के समाचार’ लागत. वृत्तनिवेदक एकेक तुकडा सावकाश सांगे, म्हणजे ज्यांना बातमीसंस्थेचं टेलिप्रिंटर परवडत नाही अशा छोट्या वर्तमानपत्रांनी रेडिओसमोर बसून ते लिहून घ्यावं. पॉडकास्टच्या भाषेत सांगायचं तर अर्ध्या वेगावर. निमकी!

त्याउलट सत्यनारायणाची पोथी. गुरुजींना त्याच दिवशी अजून तीन घरं असतील तर पाच अध्याय दुपटीने उरकतात, आणि साधू वाण्याची नौका कधी बुडाली न् कधी वर आली हे प्रसादाच्या शिऱ्यापर्यंत पोचलेल्यालाही कळत नाही.

थोडं बोटांचं काम

व्हीएलसी प्लेअरमध्ये उजवा चौकोनी कंस दाबला की वेग ०.१ने वाढतो, डावा दाबला की तेवढाच कमी, आणि बरोबरचं चिन्ह दाबलं की गाडी मूळपदावर. यूट्यूबवर शिफ्ट धरून पूर्णविरामाची कळ दाबायची, पाव पावने वेग चढतो, स्वल्पविरामाने उतरतो. (विरामचिन्हांचा असा धावपळीसाठी उपयोग होईल असं व्याकरणकारांना वाटलं नसेल.) फायरफॉक्समध्ये चालू आवाजावर उजवी टिचकी मारली की वेगाची यादी मिळते. क्रोमला प्रोग्रॅमरने सांगितलं तर तो १६पटीपर्यंत जायला तयार असतो, तासाचा कार्यक्रम पावणेचार मिनिटांत. फायरफॉक्स शहाणा आहे. चौपटीच्या पुढे तो आवाजच बंद करतो.

व्हॉट्सॲपने २०२१मध्ये व्हॉइस मेसेजला दीड आणि दोनचं बटण दिलं, तेव्हा घराघरातल्या आत्यांचे सात मिनिटांचे निरोप साडेतीनवर आले. पुन्हा औट.

कुठे बटणाला हात लावायचा नाही

नेटफ्लिक्सने २०१९ साली वेग बदलण्याची चाचणी सुरू केली तेव्हा हॉलिवूडचे दिग्दर्शक भडकले, जड अपाटो त्यांच्यात पुढे. एका प्रसंगाला किती क्षण द्यायचे हे आम्ही ठरवलंय, तुम्ही कोण? कर्णबधिर आणि दृष्टिहीनांच्या संघटनांना मात्र सोय आवडली. अखेर २०२०मध्ये ती फोनवर आलीच, पण दीडपटीपर्यंतच.

आपल्याकडे दिग्दर्शकांची गरज नाही, पु. ल. पुरेत. त्यांचं कथाकथन दीडपटीने लावून बघा. शब्द सगळे ऐकू येतात, हसू एकदाही येत नाही. कारण हशा शब्दात नसून त्याच्या आधीच्या थांबण्यात होता. काही ॲप तर वेग न वाढवता फक्त शांत जागा कापून टाकतात. अशा ॲपला विक्रम गोखल्यांचा एखादा संवाद दिला तर अर्धं नाटक कचऱ्यात जाईल.

एवढं झाल्यावर मित्राला औटकीच बघायची हुक्की आली. ‘लाव बे साडेतीन.’ लावलं. शेअर बाजारवाले गृहस्थ क्षणभर माणूस होते, मग शिट्टी झाले, मग नुसतं खट्-खट्-खट्-खट् उरलं. मित्राने मान तिरकी करून ऐकलं आणि चेहरा उजळला.

‘हे तर आमच्या घरचे माग वाजलालेत बे!’

दोन मिनिटं तो तसाच ऐकत बसला, बोटांनी टेबलावर धोट्याचा ताल धरून. मग विचारलं, ‘आता सांग, काय म्हणलालता तो?’

मी उत्तर जुळवत होतो तोवर त्यानेच बरोबरचं चिन्ह दाबलं आणि शेंगाचटणीची वाटी स्वतःकडे ओढली.